मिड सफक: १२ जागांच्या २४ कशा झाल्या

४ मे २०२३ रोजी इंग्लंडच्या २३० कौन्सिलांसाठी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, मतदान झालं. ऋषी सुनक पंतप्रधान झाल्यानंतरची ही पहिली मोठी परीक्षा होती आणि त्यात हुजूर पक्षाने हजाराहून अधिक जागा घालवल्या. वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच मजूर पक्षाच्या वाट्याला गेले. आतल्या पानांवर मात्र एक वेगळीच बातमी होती. सफक काउंटीतल्या मिड सफक या शेतीप्रधान, निवांत जिल्ह्यात ३४ पैकी २४ जागा ग्रीन पक्षाला मिळाल्या होत्या. हुजूर पक्ष ६ आणि लिबरल डेमोक्रॅट ४. ब्रिटनमध्ये ग्रीन पक्षाने स्वबळावर बहुमत मिळवलेली ही पहिलीच कौन्सिल.

‘हरित लाट’ म्हणून या निकालाची बोळवण करणं सोपं आहे, आणि ती तशी झालीही. पण लाट यायची तर ती आधी किनाऱ्यावर दिसायला हवी होती. त्याच दिवशी सागरकिनारीच्या ब्रायटनमध्ये काय झालं? ग्रीन पक्षाचा ब्रिटनमधला बालेकिल्ला तो. पक्षाची पहिली खासदार कॅरोलाइन लुकास २०१० मध्ये तिथूनच निवडून आली आणि २०११ मध्ये कौन्सिलची सत्ताही, अल्पमतात का होईना, तिथेच पहिल्यांदा हाती आली. २०२३ मध्ये त्याच ब्रायटनमध्ये सत्तेतले ग्रीन ५४ पैकी ७ जागांवर घसरले आणि मजूर पक्षाने ३८ जागा घेतल्या. एकाच दिवशी, एकाच पक्षाला, शहरात हाकललं आणि खेड्यात डोक्यावर घेतलं. पर्यावरणाची काळजी वाटणारे लोक वाढले, एवढ्याने हे कोडं सुटत नाही. मिड सफकमध्ये जे झालं त्याचं उत्तर विचारसरणीपेक्षा निवडणुकीच्या गणितात, घरबांधणीच्या नियमांत आणि उमेदवारांच्या झिजलेल्या बुटांत जास्त सापडतं.

जिल्हा आणि त्याचे अधिकार

लंडनच्या ईशान्येला, इप्सविच आणि बरी सेंट एडमंड्स यांच्यामधला हा पट्टा. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार एक लाखाच्या थोडी वर. स्टोमार्केट हे त्यातल्या त्यात मोठं गाव, मग नीडम मार्केट आणि आय. बाकी सगळी गहू, बार्ली आणि शुगरबीटची शेतं, मध्ययुगीन चर्चं आणि त्यांच्याभोवतीची लहान गावं. कौन्सिल १९७४ च्या पुनर्रचनेत जन्मली. गंमत म्हणजे तिचं मुख्यालय जिल्ह्याच्या हद्दीत नाही. २०१७ पासून कारभार इप्सविचमधल्या एका इमारतीतून चालतो आणि कर्मचारीवर्ग शेजारच्या बाबर्ग कौन्सिलबरोबर सामाईक आहे.

‘डिस्ट्रिक्ट’ म्हटल्यावर आपल्याकडची जिल्हा परिषद डोळ्यांसमोर आणू नये. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल हे सगळं वरच्या सफक काउंटी कौन्सिलकडे आहे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं, घरबांधणी, क्रीडा केंद्रं, कौन्सिल टॅक्सची (राहत्या घरांवरच्या कराची) वसुली आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बांधकाम परवाने. टॅक्स गोळा करते डिस्ट्रिक्ट, पण त्यातला मोठा वाटा जातो काउंटीकडे. पावतीवर नाव मात्र डिस्ट्रिक्टचं, त्यामुळे शिव्याही तिलाच.

प्रभागातून एक किंवा दोन सदस्य निवडले जातात आणि चार वर्षांनी सगळी कौन्सिल एकदम मतदारांसमोर जाते. महाराष्ट्रात महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या लढवल्या जातात. इंग्लंडमध्ये तसं नाही. दोन जागांच्या प्रभागात सगळे उमेदवार एकाच यादीत असतात, मतदार दोन फुल्या मारतो आणि पहिले दोघे निवडून येतात. म्हणजे पक्ष बघून मत देणारे लोक एका बाजूला सरकले की दोन्ही जागा एकदम सरकतात. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या हाती काहीच लागत नाही.

तीन निवडणुका

२०१५ साली कौन्सिल ४० जणांची होती. हुजूर पक्ष २९, ग्रीन ५, लिबरल डेमोक्रॅट ४, अपक्ष २. ते मतदान सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी झालं होतं. डेव्हिड कॅमेरॉन यांच्यासाठी बाहेर पडलेल्या मतदाराने जाता जाता कौन्सिललाही तीच फुली मारली. एरवी स्थानिक मतदानाला घराबाहेर न पडणारा मोठा वर्ग त्या दिवशी रांगेत होता.

२०१९ मध्ये प्रभागांची फेररचना झाली आणि जागा ३४ वर आल्या. त्या वर्षी हुजूर पक्ष १६, ग्रीन १२, लिबरल डेमोक्रॅट ५, अपक्ष १. ब्रेक्झिटवरून थेरेसा मे यांच्या सरकारची रोज शोभा होत होती, तो हा काळ. बेरीज करून बघा: ग्रीन आणि लिबरल मिळून १७, हुजूर आणि अपक्ष मिळून १७. ब्रिटिश कौन्सिलमध्ये मतं समसमान पडली की अध्यक्षाचं निर्णायक मत चालतं, त्यामुळे अशा सभागृहात अध्यक्षाची खुर्ची सोन्याच्या मोलाची होते. कारभार हुजूर पक्षाच्या सुझी मॉर्ले यांच्याकडे राहिला. चार वर्षं विरोधकांना सत्ता एका हाताच्या अंतरावर दिसत होती. माझ्या मते २०२३ चा निकाल खरा २०१९ मध्येच लागला. नंतर तो फक्त जाहीर झाला.

२०२३ मध्ये हुजूर पक्षाच्या १० जागा गेल्या, लिबरलांची १ गेली, अपक्षाची एकुलती एक गेली. या बाराच्या बारा ग्रीन पक्षाकडे आल्या. एवढी स्वच्छ बेरीज राजकारणात क्वचित पाहायला मिळते. प्रस्थापिताविरुद्धची नाराजी तीन वाटांनी फुटली नाही, एकाच ओढ्यात वाहिली.

टक्केवारीतही एक मजेदार गोष्ट दिसते. २०१५ मध्ये हुजूर पक्षाकडे साडेबहात्तर टक्के जागा होत्या. २०२३ मध्ये ग्रीन पक्षाकडे जवळजवळ ७१ टक्के. आठ वर्षांत जिल्ह्याची माणसं इतकी उलटीपालटी होत नाहीत. ‘सर्वाधिक मतं त्याची जागा’ ही पद्धत जिंकणाऱ्याला फुगवते, मग तो निळा (हुजूर) असो की हिरवा. २०१५ च्या निकालाला ‘हुजूर पक्षाचा अभेद्य किल्ला’ म्हणणाऱ्यांची चूक आणि २०२३ च्या निकालाला ‘हरित क्रांती’ म्हणणाऱ्यांची चूक एकाच जातीची आहे.

घरं, खांब आणि सांडपाणी

इंग्लंडच्या ग्रामीण राजकारणात एक विषय इतर सगळ्यांवर बसतो: गावाच्या कडेच्या शेतात नवी घरं होणार की नाहीत. नियम असा की पुढच्या पाच वर्षांत बांधता येतील इतक्या घरांची जमीन कौन्सिलने आखून तयार ठेवायची. तो साठा कमी पडला की पारडं विकसकाकडे झुकतं. कौन्सिलने नकार दिला तरी तो अपिलात जातो आणि केंद्राचा निरीक्षक परवानगी देऊन मोकळा होतो. मिड सफक नेमकी या कात्रीत सापडली होती. २०१८ मध्ये वुलपिट गावाच्या एका अपिलात निरीक्षकाने पाच वर्षांचा साठा असल्याचा कौन्सिलचा दावा फेटाळला. तो निर्णय देशभरच्या नियोजन वकिलांमध्ये गाजला. थर्स्टन, एल्म्सवेल यांसारख्या रेल्वे स्टेशन असलेल्या गावांवर मोठ्या वसाहतींचे अर्ज येऊन पडले. घरं येतात, पण दवाखाना तोच, शाळा तीच, अरुंद पूल तोच.

हुजूर पक्षाची इथे पंचाईत होती. घरांची संख्या ठरवणारं लंडनमधलं सरकार त्यांचं, काउंटी त्यांची, डिस्ट्रिक्टही त्यांचीच. गावच्या सभेत उभं राहून ‘वरून आदेश आहे’ म्हणायची सोय नव्हती, कारण वर तेच होते. ग्रीन सदस्य मात्र ‘घरं हवीत, पण कुठली, कुणाला परवडणारी, आणि सांडपाण्याचं काय’ असे प्रश्न विचारू शकत होते. विरोधात असताना हे प्रश्न फुकट असतात. सत्तेत आल्यावर तोच राष्ट्रीय नियम, तेच अपील, तोच निरीक्षक. पण ते पुढचं.

२०२२ मध्ये वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या नॅशनल ग्रिड कंपनीने नॉर्विच ते टिलबरी अशी सुमारे १८० किलोमीटरची नवी उच्चदाब वाहिनी जाहीर केली. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज लंडनकडे नेण्यासाठी शेतांतून उंच लोखंडी खांब रोवायचे, आणि मार्ग मिड सफकमधून. प्रकल्पाचं सुरुवातीचं नाव ‘ईस्ट अँग्लिया ग्रीन’ होतं, हा योगायोग नाव ठेवणाऱ्यांना नंतर नक्की बोचला असेल. गावोगावी विरोधाचे फलक लागले. पवनऊर्जा हवी म्हणणारा पक्ष खांबांच्या विरोधकांचं नेतृत्व कसं करणार? ग्रीन पक्षाने मधली वाट धरली: वीज हवी, पण समुद्रातून किंवा जमिनीखालून न्यायचे पर्याय नीट तपासा. तर्काच्या कसोटीवर ही भूमिका थोडी लंगडते, कारण भूमिगत केबलचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलातच येतो. पण गावकऱ्याच्या कानाला ती ‘आमचं ऐकतोय’ अशीच लागली.

त्यात नद्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा देशव्यापी संताप मिसळला. शिवाय बोरिस जॉन्सन यांच्या लॉकडाउनमधल्या पार्ट्या आणि लिझ ट्रस यांचा ४९ दिवसांचा कारभार नुकताच होऊन गेला होता. गृहकर्जाचे हप्ते वाढलेला मतदार बहुधा एवढंच विचारत होता की यांना पाडायचं तर फुली कुठे मारायची.

फुली कुठे मारायची, हे ज्याने शिकवलं

ग्रीन पक्षात ‘टार्गेट टू विन’ नावाची कार्यपद्धती बरीच वर्षं रुजलेली आहे. सगळीकडे उभं राहून सगळीकडे पडण्यापेक्षा एक प्रभाग निवडायचा. तिथे वर्षभर, निवडणूक नसतानाही, छोटं बातमीपत्र दारात टाकायचं. खड्डा, बंद पडलेला दिवा, न उचललेला कचऱ्याचा डबा यांचा पाठपुरावा करायचा आणि काय झालं ते पुढच्या पत्रकात छापायचं. मग मागच्या निकालाचा एक आलेख द्यायचा, ज्यात दोनच खांब उंच असतात, आणि खाली ओळ: इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो. तो प्रभाग जिंकला की शेजारचा. ही युक्ती मुळात लिबरलांनी पिकवलेली. ग्रीन पक्षाने ती उचलली आणि मिड सफकमध्ये गुरूपेक्षा शिष्याचा हात सरस ठरला.

मजूर पक्ष इथे जवळपास गैरहजर होता. २०१५, २०१९, २०२३ या तिन्ही निकालांत त्यांची एकही जागा नाही. शहरात ग्रीन आणि मजूर एकाच मतदाराला ओढतात. ब्रायटनमध्ये ग्रीन सत्तेत असताना २०२१ मध्ये कचरा कामगारांचा संप झाला, रस्त्यावर ढीग साचले, आणि वैतागलेल्या मतदाराला शेजारच्याच दुकानात तसाच माल मिळत होता. मिड सफकमध्ये ते दुसरं दुकानच नाही. मध्यममार्गी, डावा, नाराज हुजूर, गावप्रेमी अपक्षवाला, सगळ्यांनी एकाच रंगाकडे जायचं.

नाराज हुजूर मतदाराला ग्रीन पक्षाचं वावडं का वाटलं नाही, असा प्रश्न पडतो. २०१६ मध्ये याच जिल्ह्याने सुमारे ५५ टक्के मतं युरोप सोडण्याच्या बाजूने दिली होती आणि ग्रीन पक्ष कट्टर युरोपवादी. पण या भागात निसर्ग जपणं हे डावेपणाचं लक्षण मानलं जात नाही. आय मतदारसंघाचे एकेकाळचे हुजूर खासदार जॉन गमर पुढे पर्यावरणमंत्री झाले आणि नंतर दशकभराहून अधिक काळ सरकारच्या हवामान बदल समितीचे अध्यक्ष राहिले. त्याआधी, १९२९ ते १९५१, आयचे खासदार होते लिबरल पक्षातून आलेले एडगर ग्रॅनव्हिल. म्हणजे हा मुलूख जन्मजात निळा आहे ही समजूतही पाऊण शतकापलीकडे टिकत नाही. शेतांच्या कडेची झुडपांची कुंपणं, ओढे, जुनी ओकची झाडं, पक्षी यांविषयीची माया इथे शेतकऱ्यालाही आहे आणि लंडनहून निवृत्त होऊन आलेल्यालाही. उमेदवार गावातलाच, पॅरिश कौन्सिलमध्ये (गावपातळीवरच्या कौन्सिलमध्ये) ओळखीचा असेल, तर छातीवरच्या पक्षाच्या फितीचा रंग दुय्यम ठरतो.

मतदान किती झालं हेही विसरायला नको. २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत इंग्लंडभरचं सरासरी मतदान सुमारे ३२ टक्के होतं. तिघांतले दोघे घरीच. अशा वेळी हुजूर मतदाराने पक्ष बदलायचीही गरज नसते, तो बागकाम करत राहिला तरी पुरतं. हुजूर पक्षाच्या १० जागांपैकी किती ग्रीन पक्षाने जिंकल्या आणि किती हुजूर मतदाराने बसल्या जागी सोडून दिल्या, हे निकालपत्रकातून वेगळं काढता येत नाही. दोन्ही झालं, एवढं नक्की.

त्याच निवडणुकीपासून इंग्लंडमध्ये मतदानासाठी छायाचित्र असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. निवडणूक आयोगाच्या हिशेबाने सुमारे १४ हजार लोक केंद्रावरून मत न देता परतले. मिड सफकच्या निकालावर याने फरक पडला असं मानायला आधार नाही. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक उपयोगी गोष्ट मात्र सांगून ठेवतो. भारत राष्ट्रकुलात असल्याने तिथे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, कौन्सिलसाठीही आणि संसदेसाठीही. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. अनेकांना हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं.

सत्ता हाती आल्यावर

अँडी मेलन कौन्सिलचे नेते झाले. वारशात काय मिळालं ते पाहण्यासारखं आहे. स्टोमार्केटजवळचं ‘गेटवे १४’ हे कौन्सिलच्याच कंपनीचं उद्योगक्षेत्र, फ्रीपोर्ट ईस्ट या करसवलतीच्या क्षेत्राचा भाग, जिथे ‘द रेंज’ या दुकानसाखळीचं दहा लाख चौरस फुटांहून मोठं गोदाम मंजूर झालं होतं. शिवाय बाबर्गबरोबर सामाईक अशी एक गुंतवणूक कंपनी, जिने कर्ज काढून सुमारे १० कोटी पौंडांची व्यापारी मालमत्ता घेतली होती. केंद्राचं अनुदान आटल्यावर अनेक कौन्सिलांनी हाच मार्ग धरला होता. हरित कौन्सिलच्या तिजोरीत येणारा पैसा मालमोटारींच्या गोदामातून आणि दुकानांच्या भाड्यातून यावा, हा विरोधाभास. पण तो मोडायचा तर कचरा उचलायला पैसे कुठून आणायचे?

२०२४ ची सार्वत्रिक निवडणूक मात्र या मतदाराविषयी बरंच सांगून गेली. नव्या रचनेत मिड सफक तीन मतदारसंघांत विभागला गेला होता. वेव्हनी व्हॅलीत ग्रीन पक्षाचे सहनेते एड्रियन रॅमसे पाच हजारांहून अधिक मतांनी जिंकले. बरी सेंट एडमंड्स आणि स्टोमार्केटमध्ये मजूर पक्षाचे पीटर प्रिन्सली सुमारे दीड हजार मतांनी आले. सेंट्रल सफक आणि नॉर्थ इप्सविच हुजूर पक्षाच्या पॅट्रिक स्पेन्सर यांनी राखला. एका ग्रीन कौन्सिलच्या मुलखातून तीन पक्षांचे तीन खासदार. बरी सेंट एडमंड्सच्या नावाच्या मतदारसंघाने मजूर पक्षाचा खासदार त्याआधी कधी दिला नव्हता. ज्या प्रभागांनी वर्षभरापूर्वी ग्रीन सदस्य निवडले, तिथल्या अनेकांनी संसदेसाठी मजूर पक्षाला मत दिल्याशिवाय हे घडत नाही. ते लोक एका रंगाचे कधीच नव्हते. प्रत्येक वेळी हुजूर पक्षाला हरवू शकणारा उमेदवार शोधून त्याच्यापुढे फुली मारत होते. सेंट्रल सफकमध्ये असा एकच उमेदवार ठळकपणे पुढे आला नाही आणि जागा निळीच राहिली.

रॅमसे खासदार होताच त्यांनी खांबांच्या प्रकल्पाला विराम देऊन पर्यायांचा विचार व्हावा अशी मागणी केली. देशभर टीका झाली: हवामानाच्या नावाने मतं मागायची आणि स्वच्छ विजेच्या तारा अडवायच्या? टीका चुकीची नव्हती. पण ज्या गावांनी निवडून दिलं त्यांना दिलेला शब्द तो होता, आणि तो मोडून ते पुन्हा त्या दारांवर गेले असते तर पत्रकांचा सगळा पुण्यसंचय त्या दिवशी संपला असता.

पक्षाच्या आतही हा वाद ऑगस्ट २०२५ मध्ये मतपेटीपर्यंत गेला. नेतेपदासाठी एका बाजूला रॅमसे आणि नॉर्थ हेरफर्डशरच्या खासदार एली चाउन्स ही ग्रामीण जोडी, दुसऱ्या बाजूला लंडन असेंब्लीचे सदस्य झॅक पोलान्स्की, श्रीमंतांवर कर आणि थेट जनआंदोलनाची भाषा बोलणारे. सदस्यांनी पोलान्स्कींना २०,४११ मतं दिली, जोडीला ३,७०५. पक्षाचा आवाज शहरी आणि डावा झाला. मिड सफकचे ग्रीन सदस्य आता ज्या हुजूरवळणाच्या शेतकऱ्याच्या दारी जातात, तो टीव्हीवर पोलान्स्कींना पाहतो. एका पक्षाचे हे दोन चेहरे किती दिवस एका पत्रकावर मावतील?

त्याचं उत्तर मिळण्याआधीच मैदान बदलतंय. मजूर सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये डिस्ट्रिक्ट आणि काउंटी असे दोन थर मोडून एकच थर आणायचा बेत जाहीर केला आणि सफक पहिल्या टप्प्यात घेतलं. काउंटीची मे २०२५ ची निवडणूक त्यासाठी पुढे ढकलली गेली. त्यामुळे त्या महिन्यात उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाने इतर काउंट्यांत जी मुसंडी मारली तिची चव सफकने तेव्हा चाखली नाही. काउंटीने सगळ्या सफकसाठी एकच कौन्सिल मागितली, तर डिस्ट्रिक्टांनी तीन. कौन्सिल जितकी मोठी तितका प्रभाग मोठा, आणि प्रभाग दुप्पट झाला की पायी पत्रकं वाटणाऱ्यांची संख्याही दुप्पट लागते. हजारभर उंबरठे ओळखीचे करून जिंकलेल्या पक्षाला हा हिशेब कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा जड जाणार आहे. मोठ्या मैदानात तो किती मागे होता तेही पाहा: काउंटीच्या पातळीवर २०२१ मध्ये ग्रीन पक्ष ७५ पैकी ९ जागांवर होता आणि हुजूर पक्ष ५५ वर.